चोवीस सबमॉड्यूल आणि सहा चुकीचे चोक : प्रयोगशाळेतील एमएमसी संचाचे परीक्षण

आमच्या विद्युत अभियांत्रिकी विभागासाठी गेल्या शैक्षणिक वर्षात डीसी विजेचे एसीत आणि एसीचे डीसीत रूपांतर करणाऱ्या मॉड्युलर मल्टिलेव्हल कन्व्हर्टरचा, म्हणजे एमएमसीचा, एक प्रयोगसंच घेतला. तीन कोटेशने, खरेदी समिती आणि लेखा विभागाच्या शंका असा नेहमीचा प्रवास पार पाडून तो आला आणि दोन सत्रे पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या हाताखाली राहिला. असा संच घेण्याचा विचार करणाऱ्या सहकाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून हे परीक्षण लिहीत आहे. तक्रारही लिहायची असल्यामुळे पुरवठादार कंपनीचे नाव देत नाही. तसेही बाजारातले या प्रकारचे संच एकमेकांची भावंडे असल्यासारखे असतात, त्यामुळे पुढची निरीक्षणे बऱ्याच अंशी इतर संचांनाही लागू पडावीत.

संच कशासाठी हवा होता, ते आधी सांगतो. चंद्रपूर ते पडघे ही ±५०० किलोव्होल्टची आणि १५०० मेगावॅटची एचव्हीडीसी, म्हणजे उच्च दाबाच्या डीसी विजेची, वाहिनी दाखवून आम्ही वर्षानुवर्षे थायरिस्टर कन्व्हर्टर शिकवत आलो. नवी कामे मात्र वेगळ्या यंत्रणेवर होत आहेत. तामिळनाडूतील पुगलूर ते केरळमधील त्रिशूर ही २००० मेगावॅटची वाहिनी २०२१ मध्ये सुरू झाली ती व्होल्टेज सोर्स कन्व्हर्टरवर, आणि मुंबईला वीज आणण्यासाठी आखलेला कुडूस ते आरे हा १००० मेगावॅटचा प्रकल्पही त्याच घराण्यातला. या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे म्युनिकच्या राइनर मार्क्वार्ट यांनी या शतकाच्या सुरुवातीला मांडलेला एमएमसी. त्याचा पहिला मोठा व्यापारी वापर २०१० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराखालून गेलेल्या ८५ किलोमीटरच्या, ४०० मेगावॅटच्या ट्रान्स बे केबलमध्ये झाला. तिथे प्रत्येक आर्ममध्ये, म्हणजे कन्व्हर्टरच्या प्रत्येक भुजेत, दोनशेच्या वर सबमॉड्यूल, म्हणजे स्विच आणि कपॅसिटरचे एकसारखे छोटे घटक, आहेत. आमच्या संचात प्रत्येक आर्ममध्ये चार आहेत, आणि शिकण्यासाठी ते पुरेसे आहेत.

पुरेसे म्हणण्याचे कारण असे की एमएमसीचा सर्वांत शिकण्यासारखा भाग बाहेरून दिसतच नाही. प्रत्येक फेजला वरचा आणि खालचा असे दोन आर्म असतात आणि भाराकडे जाणारा प्रवाह दोघांत निम्मा-निम्मा वाटला जातो. त्याखेरीज दोन्ही आर्ममधून एकाच दिशेने वाहणारा आणखी एक प्रवाह असतो, जो भारापर्यंत कधी पोहोचत नाही आणि फेजच्या फेजमध्ये किंवा डीसी बाजूशी फिरत राहतो. प्रयोगशाळेत सगळे त्याला सर्क्युलेटिंग करंटच म्हणतात. दोन्ही आर्मच्या प्रवाहांची बेरीज करून निम्मी केली की तो मिळतो. त्याचा डीसी भाग, म्हणजे एकूण डीसी प्रवाहाचा एक तृतीयांश, गरजेचाच असतो, कारण वीज आत येते ती त्याच्याच मार्गाने. नको असतो तो १०० हर्ट्झचा भाग. सबमॉड्यूलच्या कपॅसिटरचे व्होल्टेज ५० आणि १०० हर्ट्झने वरखाली होत असते, स्विचिंगच्या गणितात त्याचा गुणाकार होऊन दोन्ही आर्ममध्ये मिळून १०० हर्ट्झचे एक व्होल्टेज तयार होते, आणि ते अडवायला वाटेत फक्त आर्मचा चोक, म्हणजे तारेचे वेटोळे, उभा असतो. भाराच्या टर्मिनलवर कितीही चांगला स्कोप लावला तरी याचा पत्ता लागत नाही. विद्यार्थ्याला तो दाखवता येतो का, आणि त्याच्या हाती त्याचा लगाम देता येतो का, या एकाच कसोटीवर मी संच पाहिला.

यंत्रसामग्रीबद्दल तक्रारीला फारशी जागा नाही. चोवीस हाफ-ब्रिज सबमॉड्यूल, प्रत्येकाची वेगळी पाटी, पाटीवर २२०० मायक्रोफॅरडचा एक इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, डीसी बाजूला २०० व्होल्ट, म्हणजे प्रत्येक सबमॉड्यूलवर ५० व्होल्ट, आणि क्षमता १.५ केव्हीए. साठवलेली ऊर्जा मोजली तर चोवीस कपॅसिटरमध्ये मिळून ६६ ज्यूल होतात, म्हणजे दर एमव्हीएला ४४ किलोज्यूल. मोठ्या केंद्रांत ३० ते ४० किलोज्यूलचा अंदाज धरतात, तेव्हा हे प्रमाण वास्तवाशी बऱ्यापैकी जुळणारे आहे. अनेक संचांत कपॅसिटर अवाच्या सवा मोठे घालून रिपल, म्हणजे व्होल्टेजची वरखाली, झाकून टाकलेला असतो आणि विद्यार्थ्याला सगळ्या रेषा सरळ दिसतात. इथे तसे केलेले नाही, याचे श्रेय द्यायलाच हवे. सुरुवातीचे चार्जिंगही नीट दाखवता येते. प्री-चार्ज रेझिस्टरमधून आधी प्रत्येक कपॅसिटर २५ व्होल्टपर्यंत चढतो, कारण डायोडच्या वाटेने एका फेजचे आठही कपॅसिटर एकसर जोडलेले असतात, आणि त्यानंतर नियंत्रण सुरू होऊन तो ५० ला पोहोचतो. प्रत्येक पाटीवर लाल दिवा आहे आणि कपॅसिटर रिकामा होईपर्यंत तो विझत नाही. सगळे दिवे विझल्याशिवाय हात लावायचा नाही, एवढा एक नियम आम्ही दारावर लिहून ठेवला आहे.

आता तक्रार. कोटेशनमध्ये आर्म चोक ५ मिलिहेन्रीचे लिहिले होते. खोक्यातून निघाले त्यांच्यावर २ असा शिक्का होता आणि एलसीआर मीटरवर ते १.९ भरले. विचारणा केली तेव्हा उत्तर आले की लहान चोकमुळे प्रतिसाद जलद मिळतो, बाकी सारे कंट्रोलर सांभाळून घेतो, आणि हेच वाक्य छापील मॅन्युअलमध्येही होते. संच बसवायला आलेल्या इंजिनिअरने कंट्रोलर चालू ठेवून पूर्ण भारावर अर्धा तास चालवून दाखवला, समितीने माना डोलावल्या आणि स्वीकृतीच्या कागदावर सही झाली. त्या सहीत माझीही एक होती, हे इथे कबूल करतो.

दुसऱ्या आठवड्यात एका विद्यार्थ्याने फर्मवेअरमधील सर्क्युलेटिंग करंटचे नियंत्रण बंद केले, कारण बंद आणि चालू यांतला फरक पाहणे हाच त्या प्रयोगाचा हेतू होता. मॉड्युलेशन इंडेक्स, म्हणजे एसी व्होल्टेजचे शिखर डीसी व्होल्टेजच्या निम्म्याच्या किती पट ते, ०.९ ठेवून त्याने भार हळूहळू वाढवायला घेतला. ९०० व्होल्ट-अँपिअरच्या आसपास, म्हणजे क्षमतेच्या साठ टक्क्यांवर, चोकांची गुणगुण एकाएकी घोगरी झाली आणि संच ओव्हरकरंटवर ट्रिप झाला. पुन्हा चालवला, पुन्हा तिथेच ट्रिप झाला. क्लॅम्प प्रोबवर पाहिले तर आर्मच्या प्रवाहात १०० हर्ट्झचा भाग सहा अँपिअरच्या वर होता, भाराकडे जाणाऱ्या ५० हर्ट्झच्या निम्म्या वाट्याच्या जवळजवळ दुप्पट. भाराच्या टर्मिनलवर मात्र त्या क्षणापर्यंत सारे शांत होते.

कारण शोधायला फार दूर जावे लागले नाही. आर्मचा चोक आणि सबमॉड्यूलचे कपॅसिटर मिळून एक अनुनादी (रेझोनंट) मंडल तयार होते, आणि त्याची अनुनाद वारंवारता मॉड्युलेशन इंडेक्सबरोबर बदलते. स्टॉकहोमच्या केटीएच या संस्थेतील संशोधकांनी २०१२ मध्ये तिचे सूत्र दिले आहे. आम्ही कपॅसिटरही मोजले. छापील २२०० च्या जागी ते सरासरी २०५० मायक्रोफॅरडच्या आसपास निघाले, जे इलेक्ट्रोलिटिकच्या नेहमीच्या वीस टक्क्यांच्या मर्यादेत बसते आणि ज्याचा दोष मी देत नाही. आर्ममध्ये चार सबमॉड्यूल, २०५० मायक्रोफॅरड आणि इंडेक्स ०.९ घालून गणित केले तर १०० हर्ट्झच्या प्रवाहाला अनुनाद देणारा चोक १.९ मिलिहेन्रीचा येतो. म्हणजे कंपनीने काटकसर करताना जो आकडा निवडला, तो नेमका खड्ड्याच्या मधोमध पडला होता. त्या जागी प्रवाहाला अडवायला केवळ तारांचा आणि मॉसफेटचा रोध उरतो. ५ मिलिहेन्रीचा चोक असता तर मॉड्युलेशनच्या संपूर्ण वापरण्याजोग्या पल्ल्यात अनुनाद कुठेच आला नसता.

‘कंट्रोलर सांभाळून घेतो’ हे वाक्य पूर्णपणे खोटे नव्हते, आणि म्हणूनच ते अधिक खटकते. नियंत्रण चालू असताना स्थिर भारावर संच खरोखर व्यवस्थित चालत होता. पण रिओस्टॅट झटक्यात सरकवून भार निम्म्यावरून पूर्ण केला की आर्मचा प्रवाह काही आवर्तने हेलकावे खायचा आणि चारपैकी एखाद्या वेळी ट्रिप व्हायचाच. मांडणीतली चूक नियंत्रणाने झाकता येते, पण नियंत्रणाला त्यासाठी सतत राबावे लागते आणि नेमक्या धक्क्याच्या क्षणी त्याच्या हाती काही शिल्लक राहत नाही. स्वीकृती चाचणीत स्थिर भाराचा अर्धा तास हा निकष आम्ही मान्य केला, ती आमची चूक होती. गणिताचे दोन कागद जोडून पत्र पाठवल्यावर सात आठवड्यांनी ५ मिलिहेन्रीचे सहा चोक आले, जादा पैसे न आकारता. कंपनीच्या बाजूने हे नोंदवायला हवे, तसेच मॅन्युअलमधील ते वाक्य नव्या प्रतीतही जसेच्या तसे आहे, हेही.

योग्य चोक बसवल्यानंतर संचाची खरी ओळख झाली. पूर्ण भारावर, इंडेक्स ०.९ आणि शुद्ध रोधी भार असताना, नियंत्रण बंद ठेवले तर १०० हर्ट्झचा भाग सुमारे २.१ अँपिअर शिखराचा येतो आणि चालू केले की ०.२ पर्यंत उतरतो. आर्मचा आरएमएस प्रवाह ४.९ वरून ४.६५ अँपिअरवर येतो, म्हणजे तांब्यातील तोटा दहा टक्क्यांच्या आसपास घटतो. कपॅसिटरच्या व्होल्टेजमधला शिखर ते शिखर रिपल जवळपास नऊ व्होल्टवरून सहावर येतो, आणि मला विचाराल तर हा फायदा तांब्याच्या बचतीपेक्षा मोठा आहे, कारण मोठ्या केंद्रात सबमॉड्यूलचा आकार आणि किंमत यांत कपॅसिटरचाच वाटा ठळक असतो. एक गंमत मात्र प्रत्येक तुकडीला चकवते. रोधी भारावर नियंत्रण बंद असताना आर्मच्या प्रवाहाचे शिखर आठ अँपिअरऐवजी साडेसहाच्या आसपास दिसते, कारण १०० हर्ट्झचा भाग नेमका माथ्यावर उलटा पडून लाट चपटी करतो. शिखराकडे पाहून विद्यार्थी ठामपणे सांगतात की नियंत्रण बंदच बरे. मग मी आरएमएसचा आकडा आणि कपॅसिटरचा रिपल शेजारी मांडायला सांगतो. एवढा चांगला व्हायवाचा प्रश्न मला दुसऱ्या कुठल्या संचाने दिलेला नाही.

फर्मवेअरमध्ये कंपनीने दिलेली पद्धत ही झेजियांग विद्यापीठातील संशोधकांनी २०११ च्या सुमारास मांडलेली आणि आता सर्वत्र रुळलेली पद्धत आहे. तिन्ही फेजचे सर्क्युलेटिंग करंट दुप्पट वारंवारतेने उलट फिरणाऱ्या दोन अक्षांच्या चौकटीत नेले की १०० हर्ट्झचा भाग स्थिर आकडा बनतो, आणि चूक पाहून दुरुस्ती करणारा साधा पीआय कंट्रोलर त्याला शून्यावर आणून ठेवतो. संतुलित भारावर ही पद्धत देखणी चालते. पण तिच्या पोटात एक गृहीतक आहे की तिन्ही फेज सारख्या आहेत. आम्ही एका फेजचा रिओस्टॅट दुप्पट केला. कंपनीच्या स्क्रीनवर दोन्ही अक्षांवरच्या चुका शून्यच दिसत राहिल्या, हिरवा दिवाही तसाच, आणि डीसी पुरवठ्याच्या तारेवर लावलेल्या प्रोबवर १०० हर्ट्झची लाट स्पष्ट उमटली. असंतुलित भारात तिन्ही फेजमध्ये एकाच वेळी चढणारा आणि उतरणारा, म्हणजे शून्य क्रमाचा, भाग तयार होतो. दोन अक्षांच्या चौकटीत त्याला बसायला जागाच नसते, म्हणून कंट्रोलरला तो दिसत नाही आणि तो सरळ डीसी बाजूला निघून जातो. वर्गात हे समीकरणाने सांगितले की मुले वहीत लिहून घेतात. इथे स्क्रीन एक सांगत होता आणि प्रोब दुसरे, आणि कोणावर विश्वास ठेवायचा याचा वाद पाऊण तास चालला.

याच ठिकाणी संचाचा सर्वांत मोठा गुण कामी आला, तो म्हणजे नियंत्रणाचा सोर्स कोड हातात मिळतो. एका विद्यार्थिनीने दोन अक्षांची चौकट काढून प्रत्येक फेजसाठी स्वतंत्र, १०० हर्ट्झला सूर लावलेला रेझोनंट कंट्रोलर लिहिला. डीसी बाजूची लाट जवळजवळ नाहीशी झाली, पण ती ऊर्जा कुठेतरी जाणारच, त्यामुळे कपॅसिटरचा रिपल त्या प्रमाणात वाढला. कुठला त्रास कुठे सोसायचा याची निवड करावी लागते, हे तिने अहवालात नेमके मांडले. दोनशे हर्ट्झचा छोटा भाग तरीही उरला, आणि त्यासाठी आणखी एक रेझोनंट जोडता येतो की नाही हा पुढच्या तुकडीचा विषय आहे. हा कोड कंपनी मागितल्याशिवाय देत नाही आणि कोटेशनमध्ये त्याचा उल्लेखही नसतो. खरेदी आदेशात तो नावानिशी लिहून घ्यावा. कोड नसलेला असा संच म्हणजे महागडे शोकेस आहे.

सर्क्युलेटिंग करंट म्हणजे केवळ मारायचा शत्रू, असा समज मॅन्युअल वाचून होतो आणि तो चुकीचा आहे. मूळ फर्मवेअरमध्ये इन्सर्शनचे, म्हणजे कोणत्या क्षणी किती सबमॉड्यूल जोडायचे याचे, गणित ठरलेले डीसी व्होल्टेज गृहीत धरून होते आणि त्या रीतीत वरच्या व खालच्या आर्मची ऊर्जा आपोआप सावरली जाते. आम्ही ते बदलून कपॅसिटरच्या मोजलेल्या व्होल्टेजने भागायला लावले, ज्यामुळे आउटपुट अधिक स्वच्छ होते. पण काही सेकंदांतच एका फेजचे वरचे सबमॉड्यूल ५४ व्होल्टवर आणि खालचे ४६ वर सरकले. ती दरी मिटवण्यासाठी आम्हाला मुद्दाम ५० हर्ट्झचा थोडासा सर्क्युलेटिंग करंट सोडावा लागला, कारण वरच्या आर्मची ऊर्जा खालच्या आर्मला द्यायची तर फेजच्या आत तोच एक वाहक आहे. फेज-फेजमधला फरक मिटवायला त्याचा डीसी भाग कामी येतो. ज्या प्रवाहाला दाबायला शिकवले, त्यालाच कामाला लावायला शिकवणे संचावर शक्य आहे, फक्त मॅन्युअलमध्ये त्यासाठी एकही प्रयोग दिलेला नाही. ते आम्ही लिहून घेतले.

प्रवाह मोजणाऱ्या हॉल सेन्सरबद्दल एक सावधगिरीची सूचना. सर्क्युलेटिंग करंट ही दोन सेन्सरच्या बेरजेतून काढलेली गोष्ट असल्यामुळे दोघांच्या शून्यातली चूक तिच्यात उतरते. संच थंड असताना आणि तासभर चालल्यावर आम्हाला शून्यात साधारण ०.१ अँपिअरचा फरक आढळला. फर्मवेअरमध्ये सुरुवातीला शून्य साधायची सोय आहे, पण ती बटण दाबल्यावरच चालते, आणि बटण मेनूच्या तिसऱ्या पानावर आहे. आम्ही ते काम सुरुवातीच्या क्रमातच घातले.

बाकी किरकोळ. सबमॉड्यूलकडे सिग्नल रिबन केबलने जातात, ऑप्टिकल फायबरने नाहीत. या व्होल्टेजला ते चालते, पण स्विचिंगच्या गडबडीत एकदोनदा खोटा फॉल्ट आला आणि केबल चोकांपासून दूर बांधल्यावर थांबला. लॅपटॉपसाठी यूएसबी आयसोलेटर संचाबरोबर येत नाही, तो आधीच घेऊन ठेवावा. पंख्याचा आवाज त्रासदायक आहे. प्रशिक्षण एक दिवसाचे असते आणि त्यातला अर्धा दिवस स्क्रीनवरची बटणे दाखवण्यात जातो.

किमतीचा विचार केला तर संच स्वस्त नाही, पण योग्य चोक आणि सोर्स कोड मिळत असेल तर पदव्युत्तर प्रयोगशाळेने तो घ्यावा असे मी म्हणेन. पदवीच्या वर्गासाठी, जिथे बटण दाबून लाटा पाहण्यापलीकडे वेळ नसतो, तिथे त्याऐवजी सिम्युलेशनवर खर्च केलेला बरा. स्वीकृतीच्या वेळी तीन गोष्टी स्वतः करून पाहाव्यात : नियंत्रण बंद ठेवून हळूहळू भार वाढवणे, चालू ठेवून भार झटक्यात बदलणे, आणि एक फेज असंतुलित करून डीसी तारेवर प्रोब लावणे. तिन्हींना मिळून एक दुपार लागते.

ते १.९ मिलिहेन्रीचे सहा चोक कंपनीने परत मागितले नाहीत. आमच्या लॅब असिस्टंटनी त्यांवर लाल टेप लावून कपाटात ठेवले आहेत, आणि सत्राच्या सहाव्या आठवड्यात ते बाहेर निघतात. भार क्षमतेच्या वीस टक्क्यांवर बांधून ठेवायचा, नियंत्रण बंद करायचे आणि मॉड्युलेशन इंडेक्स ०.६ पासून हळूहळू वर न्यायचा. ०.८ ओलांडला की चोकांचा आवाज बदलायला लागतो, आणि असिस्टंट आता स्कोपकडे न पाहता केवळ कानाने सांगतात की ०.९ आला.